काढणी

नखांवरचं जेल, म्हणजे दिव्याखाली घट्ट होणारं नखांचं पॉलिश, काढायला मी पंचवीस-तीस मिनिटं घेते. आधी खरखरीत फाईलने वरचा चकाकता थर, म्हणजे टॉप कोट, फोडायचा. तो फोडला नाही तर अ‍ॅसिटोन आत शिरतच नाही. मग नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलिन लावायचं, नखाएवढाच कापसाचा तुकडा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवायचा आणि बोटाचं टोक फॉइलमध्ये गुंडाळायचं. असं दहाही बोटांचं. मग थांबायचं. दहा-पंधरा मिनिटांनी एक फॉइल उघडून बघायचं. जेल पाण्यात साखर विरघळावी तसं विरघळत नाही, ते फुगतं आणि कडेकडेने सुटून वर येतं, जुन्या भिंतीच्या रंगाला पोपडे यावेत तसं. लाकडी काडीने हलकं ढकललं की निघतं. नाही निघालं तर परत गुंडाळायचं.

आमच्या कामातली सगळी माणुसकी या 'परत गुंडाळायचं'मध्ये आहे, असं मला नऊ वर्षांनंतर वाटतं.

नाशिकला इंदिरानगरात माझं दोन खुर्च्यांचं दुकान आहे. तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू होते आणि मग जेवायला वेळ मिळत नाही. नवऱ्या येतात, करवल्या येतात, हल्ली नवऱ्यामुलाच्या आयासुद्धा येतात. हिरव्या चुड्याखाली कुठला रंग खुलेल, मेंदी आधी की नखं आधी (मेंदी आधी, रंग पक्का झाला की दुसऱ्या दिवशी नखं), शालूच्या जरीत टोकं अडकतील का, हे सगळं बोलून होतं. दुकानात भिंतीवर जे फोटो आहेत ते सगळे लावलेल्या नखांचे. लावण्याचे फोटो निघतात, व्हिडिओ निघतात. काढताना कुणी फोटो काढत नाही. पण दुकानात शिकायला मुलगी आली की पहिला महिना मी तिला काढण्यावरच बसवते. मुली नाराज होतात. त्यांना फुलं काढायची असतात, खडे चिकटवायचे असतात. त्यांची नाराजी मला समजते, कारण मीही तशीच होते आणि मला कुणी बसवलं नव्हतं.

मी जिथे पहिली नोकरी केली, तिथे काढायला वेळ द्यायचा नाही असा नियम होता. काढण्याचे पैसे कमी, म्हणून खुर्ची अडकवायची नाही. पाच मिनिटं फॉइल, मग धातूच्या पुशरने कडेतून उचकटायचं. ड्रिल हाताशी असेल तर ड्रिल फिरवायचं. समोरची बाई "आई गं" म्हणाली की "झालं झालं मॅम" म्हणायचं. मी हे सात महिने केलं. त्यात एक मुलगी होती, बँकेत कॅशला बसायची. तिच्या उजव्या अंगठ्याचं जेल मी असंच उचकटलं आणि त्याच्याबरोबर नखाचा पापुद्रा आला. कांद्याचा पापुद्रा सुटतो तसा, अर्धपारदर्शक, एका तुकड्यात. खाली नख गुलाबी आणि ओलसर दिसत होतं. ती काही बोलली नाही. मी त्यावर नवीन बेस कोट, म्हणजे जेलचा पहिला थर, लावला, दिव्यात हात ठेवला, आणि तिने हात झटक्याने बाहेर ओढला. दिव्याखाली जेल घट्ट होताना उष्णता निघते. धडधाकट नखाला ती जेमतेम जाणवते, पातळ झालेल्या नखाला चटका बसतो. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मला माहीत करून घ्यायचंही नव्हतं, हे जास्त खरं आहे.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा म्हणाली, "ताई, चहाचा ग्लास या हाताने धरता येत नाही. नोटा मोजताना अंगठा हुळहुळतो." एवढंच. तक्रारीच्या सुरातही नाही. ते वर्ष संपायच्या आत मी ती नोकरी सोडली. ती मुलगी मला परत भेटली नाही. भेटली तर तिची माफी मागायची आहे, हे लिहून ठेवते.

हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवीन यायला सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला एक-दीड वर्ष. नखाच्या बुडाशी पांढरा अर्धचंद्र दिसतो ना, तिथे आणि त्याच्या मागे कातडीखाली नख घडतं. बाकी जे आपल्याला दिसतं, ज्यावर आपण रंग लावतो, ते घडून झालेलं असतं. त्याला नवीन काही मिळत नाही. क्रीम लावून, तेल चोळून ते लवचिक राहतं, पण गेलेला थर परत येत नाही. ती पातळ झालेली जागा फक्त कापून टाकायच्या टोकापर्यंत हळूहळू पुढे सरकते. म्हणजे त्या मुलीचा अंगठा मी उन्हाळ्यात सोलला असेल तर तो दिवाळीच्या सुमाराला धड झाला असेल. पाच मिनिटं वाचवायला मी तिचे सहा महिने घेतले.

माझी आई निफाड तालुक्यातली. आमची जमीन थोडी, त्यामुळे आई स्वतःचं आवरून दुसऱ्यांच्या वावरात जायची. थंडीत कांदा लावायला, मार्च-एप्रिलमध्ये काढायला. लागवडीच्या दिवसांत तिच्या नखांत चिखल इतका घट्ट बसायचा की भाकरी थापायच्या आधी ती बाभळीच्या काट्याने तो कोरून काढायची. सुट्टीत मीही जायचे, मजुरीला नाही, तिच्या मागे मागे. उन्हाळ कांदा काढायचा कधी, हे आई वावरात पाय ठेवल्या ठेवल्या सांगायची. निम्म्या रोपांच्या माना, म्हणजे पात जिथे कांद्याला मिळते ती जागा, पडल्या पाहिजेत. पात हिरवी उभी असताना उपटला तर कांदा दिसतो चांगला, पण साठवणीच्या चाळीत टिकत नाही. मला घाई असायची, ऊन चढायच्या आत घरी जायची. ती म्हणायची, "मान पडू दे गं. आपल्याला सुटायचंय म्हणून तो सुटत नसतो."

आणि उपटल्यावरही लगेच पात कापायची नाही. तीन-चार दिवस वावरातच, पातीने कांदा झाकून, सुकू द्यायचा. मग विळ्याने पात कापताना बोटभर रुंदीएवढी मान ठेवायची. मान अगदी जवळून कापली तर कांद्याचं तोंड उघडं राहतं आणि तिथून सड शिरते. हे मी शंभरदा ऐकलं होतं. क्युटिकल शिकताना ते आठवलं. नखाच्या बुडाशी कातडीचा जो बारीक पडदा नखाला चिकटलेला असतो, ती त्याची मान आहे. ती तिथे आहे म्हणून पाणी, साबण, जंतू आत जात नाहीत. फोटोत नख स्वच्छ दिसावं म्हणून निपरने ती खोलवर कापणारे खूप आहेत, आणि मग आठवड्याने बाई येते, बोट सुजलेलं, ठसठसतंय, नखुरडं झालंय. मी मऊ करून मागे सारते. मेलेली, सुटलेली कातडी तेवढीच काढते. गिऱ्हाईक कधी म्हणतं, अजून थोडं कापा ना, तिकडे जास्त नीट करतात. मी कांद्याची गोष्ट सांगते. नाशिकच्या बाईला ती लगेच पटते.

लोकांना माहीत नसतं, पण आमच्या हातातल्या या सामानाची सुरुवात दातांच्या दवाखान्यात झाली. १९५४ साली फिलाडेल्फियाच्या फ्रेड स्लॅक नावाच्या दंतवैद्याचं नख तुटलं आणि त्याने दातांसाठी वापरतात ते अ‍ॅक्रिलिक लावून ते सांधलं. आजही अ‍ॅक्रिलिकची बाटली उघडली की येणारा वास पुष्कळांना दाताच्या डॉक्टरांची आठवण करून देतो. नातं तेच आहे, आणि त्या नात्याची दुसरी बाजू मी प्रत्येक शिकाऊ मुलीला सांगते. जेलही याच कुळातलं, आणि न वाळलेलं जेल कातडीला परत परत लागलं तर अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की बहुतेक जन्माची. बोटांची टोकं खाजतात, सोलतात, कधी पापण्या सुजतात, कारण आपण त्याच हाताने डोळे चोळतो. हीच रसायनांची जात दातांच्या सिमेंटात असते आणि सांधे बदलताना वापरायच्या सिमेंटातही. म्हणजे आज नखांची हौस म्हणून घरी स्वस्तातला किट मागवला, जेल कडेच्या कातडीवर सांडलं, छोट्या दिव्याखाली अर्धवट वाळलं, तर त्याचा हिशेब वीस वर्षांनी गुडघ्याच्या ऑपरेशनला द्यावा लागू शकतो. मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. माझ्याबरोबर शिकलेल्या एकीला हा धंदा याच कारणाने सोडावा लागला. ती आता पोळीभाजी केंद्र चालवते, आणि कणीक मळतानाही हातमोजे घालते.

आपण जे हातमोजे घालतो त्यातूनही हे रसायन काही मिनिटांत पार जातं. म्हणून जेल लागलं की मोजा बदलायचा. युरोपात १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओ नावाच्या घटकावर सौंदर्यप्रसाधनांत बंदी आली. जेल दिव्याखाली घट्ट व्हावं म्हणून तो घालतात. त्या महिन्यात मी माझ्या सगळ्या बाटल्यांची लेबलं भिंग घेऊन वाचली. सात बाटल्यांवर टीपीओ होतं, चारांवर घटकच छापलेले नव्हते. त्या अकराही बाजूला काढल्या. नुकसान झालं. पण ज्या बाटलीत काय आहे ते मला वाचता येत नाही, ती मी दुसऱ्याच्या अंगाला कशी लावू?

गावाकडे सुरुवातीला याला काम म्हणायलाच कुणी तयार नव्हतं. माझी आत्या आईला म्हणाली होती, "शिकवलंस एवढं आणि पोरगी लोकांची नखं काढते?" त्या वाक्यात काय होतं ते मला तेव्हाही कळलं. आमच्या गावात नखं काढायचं काम नाभिकाच्या घरचं. धोपटीत वस्तऱ्याबरोबर नराणी असायची, तिने तो दारोदार जाऊन नखं काढायचा आणि बदल्यात सुगीला धान्य घ्यायचा. त्या माणसाला म्हाताऱ्यांच्या पायाची जाड, वाकडी झालेली नखं मांस न दुखवता काढता यायची. मी आज डिग्री असलेल्या लोकांना ते जमत नाही असं बघते. मला आत्याचा राग आला तो माझ्यासाठी कमी आणि त्या काकांसाठी जास्त होता. त्यांच्या बोटांतलं कसब मी माझ्या कामाचं घराणं समजते.

या कामाने कुणाकुणाला पायावर उभं केलंय, तेही आत्याला सांगायचं राहिलं. १९७५ साली व्हिएतनाममधून निर्वासित होऊन आलेल्या बाया कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या छावणीत राहत होत्या. टिपी हेड्रन नावाची अभिनेत्री तिथे मदतीला जायची. तिची नखं बघून त्या बायांना कुतूहल वाटलं, तेव्हा तिने आपली मॅनिक्युरिस्टच तिथे नेली आणि वीस जणींना काम शिकवलं. आज अमेरिकेत नखांच्या धंद्याचा केवढा तरी मोठा भाग व्हिएतनामी माणसांच्या हातात आहे. देश गेला, भाषा येत नाही, पण दुसऱ्याचा हात हातात धरायला भाषा लागत नाही. मी त्या वीस जणींचा विचार पुष्कळदा करते.

हात हातात धरला की बरंच काही दिसतं. मी डॉक्टर नाही, निदान करत नाही. पण बघते. फिकट, चमच्यासारखी खोलगट नखं दिसली की सांगते, एकदा हिमोग्लोबिन तपासा. नखाखाली हिरवट डाग दिसला तर त्यावर रंग लावून झाकत नाही, सगळं काढते आणि नख कोरडं, मोकळं राहू द्या म्हणते. आणि आडव्या खाचा. त्या मी विसरणार नाही. २०२१ च्या जुलैत, दुसऱ्या लाटेनंतर दुकान परत उघडलं, तेव्हा एक काकू आल्या, पन्नाशीच्या. दहाही नखांवर, बरोबर मधोमध, एक आडवी खाच. बोट फिरवलं तर लागत होती. मोठं आजारपण येतं तेव्हा शरीर नख घडवायचं काम काही दिवस थांबवतं, आणि तो थांबा असा कोरून राहतो. १८४६ साली बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी याची नोंद केली, म्हणून या खाचांना त्यांचं नाव आहे. खाच बुडापासून किती पुढे गेली ते मोजलं की महिना सांगता येतो.

मी विचारलं, "काकू, एप्रिलमध्ये तुम्हाला खूप ताप होता का?"

"मला कुठे," त्या म्हणाल्या, "घरात चौघांना होता. यांना तर ऑक्सिजन लावला होता. मी बरी होते. मला एवढं काही नव्हतं." मग गप्प बसल्या. मी फाईल खाली ठेवली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "चार दिवस होता वाटतं. गोळी खाऊन उभी राहायचे. डबे द्यायचे होते ना."

नखांनी त्यांचं ऐकलं नव्हतं. ते चार दिवस दहा ठिकाणी लिहिलेले होते. त्या दिवशी मी त्यांना रंग लावला नाही, त्यांनीही मागितला नाही. कोमट पाण्यात हात ठेवले, तेल लावलं, बराच वेळ तळवे चोळले. त्या खुर्चीतच झोपल्या.

झोप हा या खुर्चीतला रोजचा प्रकार आहे. विशेषतः काढताना. लावताना बाई जागी असते, रंग बघते, मत देते. काढताना दहाही बोटं फॉइलमध्ये असतात. फोन वाजला तर घेता येत नाही, भाजी निवडता येत नाही, मुलाच्या वहीवर सही करता येत नाही. पहिली पाच मिनिटं तिला काय करावं कळत नाही. मग खांदे खाली येतात. कुणी झोपतं, कुणी बोलायला लागतं, आणि जे बोलतं ते मी बाहेर नेत नाही. "काढायचेही पैसे घेता?" असं विचारणाऱ्या बायका असतात. हो, घेते. हा अर्धा तास मी तिच्यासाठी राखून ठेवलेला असतो आणि माझ्याकडून तो कमी होणार नाही.

एकदाच घेतले नाहीत. डोहाळजेवणाला हिरवी नखं लावून घेतलेली एक मुलगी होती, मध्ये एकदा रिफिल करून, म्हणजे नख वाढून मोकळी झालेली जागा भरून गेलेली. एका रात्री साडेआठला शटर अर्धं ओढलेलं असताना तिचा नवरा धावत आला. सकाळी सात वाजता अ‍ॅडमिट व्हायचं, सिझेरियन ठरलंय, आणि दवाखान्यातून सांगितलंय की नखं मोकळी करून या. ते बरोबरच आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नखातून लाल प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो, गडद रंग मध्ये आला तर चुकू शकतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही नखाचा खरा रंग दिसायला हवा असतो. ती टेबलाजवळ बसूच शकेना, पोट मध्ये यायचं. मग टेबल बाजूला सारलं, तिला आरामखुर्चीत बसवलं, मांडीवर उशी ठेवून त्यावर तिचे हात घेतले आणि मी खाली स्टुलावर बसले. दार उघडं, पंखा वाऱ्याच्या दिशेने, तिला मास्क. देवाजवळची पणती विझवली, कारण अ‍ॅसिटोन आणि ज्योत एका खोलीत ठेवायची नाही.

लांबी कापली, वरचा जाड थर फाईलने उतरवला, हिरवी पूड टॉवेलवर पडत राहिली. मग फॉइल. नवरा बाहेर पायरीवर बसून दर पाच मिनिटांनी आत बघत होता. पहिलं फॉइल उघडलं, नीट सुटलं नव्हतं. परत गुंडाळलं. घाई मलाही होती, तिलाही होती. तिने डोळे मिटून विचारलं, "ताई, दुखेल का हो?"

ती उद्याचं विचारत होती. मी म्हटलं, "माझ्याकडचं नाही दुखणार."

सव्वादहाला दहाही नखं मोकळी झाली. आखूड, थोडी रुक्ष, पण एकही थर न गेलेली. मी तिच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं झालं आणि लगेच गुलाबी.

तीन महिन्यांनी ती आली, सासूबाई बरोबर, मांडीवर मुलगी. तिला स्वतःसाठी काही नको होतं. बाळाच्या गालावर दोन ओरखडे होते. "हिची नखं कशी काढू? कागदासारखी आहेत, मला कातडी कुठे संपते तेच कळत नाही. तुम्ही दाखवाल?" मी काचेची बारीक फाईल उकळत्या पाण्यातून काढून पुसून घेतली, दिवा जवळ ओढला. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आज शनिवार आहे."

आम्ही तिघी थांबलो. मी फाईल परत स्वच्छ रुमालात गुंडाळली. रविवारी दुकान बंद असतं. मी म्हटलं, उद्या दहाला या, ती झोपलेली असताना आणा, मी उघडते.